हिशेबी क्रौर्याचा चेहरा : ‘द एक्सपान्स’मधील उद्योगपती प्रतिनायक

१

दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे सांगताना लोभ, औद्धत्य, हट्ट, पापाचरण आणि व्यसन या दोषांचा उल्लेख केला आहे. या यादीमागे एक गृहीत आहे. दुष्टतेचे मूळ व्यक्तीच्या स्वभावात असते आणि तो स्वभाव तिच्या वागण्याबोलण्यातून उघड होतो, असे ते गृहीत होय. रावणाचा अभिलाष, दुर्योधनाचा मत्सर यांना नाव असते, चेहरा असतो आणि ज्याच्याविषयी ते वाटतात अशी एक ठरावीक व्यक्तीही असते. प्रतिनायक नायकाला ओळखतो, त्याचा द्वेष करतो आणि त्या द्वेषातच त्याच्या पराभवाचे बीज असते.

औद्योगिक संस्कृतीने साहित्याला दिलेला प्रतिनायक या लक्षणांत पुरता बसत नाही. लोभ त्याच्यातही आहे. परंतु औद्धत्याची जागा सभ्यतेने आणि व्यसनाची जागा शिस्तीने घेतलेली दिसते. ज्यांचा त्याच्यामुळे नाश होतो त्यांच्याविषयी त्याला राग नसतो. बहुधा त्यांची नावेही त्याला ठाऊक नसतात. असे पात्र उभे करणे लेखकापुढील बिकट काम ठरते, कारण भावनेवाचून घडणारे क्रौर्य नाट्यमय होत नाही आणि भावना घातली की क्रौर्याचे विशेष स्वरूप हरपते. विज्ञानकथेने या अडचणीशी शंभर वर्षे झुंज दिली आहे. ‘द एक्सपान्स’ या कादंबरीमालिकेतील जूल्स-पियर माओ हे पात्र त्या झुंजीतील एक लक्षणीय टप्पा आहे. त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२

या परंपरेचा आरंभ कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकापासून मानता येतो. ‘रोबो’ हा शब्द जगाला देणारे म्हणून हे नाटक ओळखले जाते. परंतु त्याचे शीर्षक मुळात एका कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत, ही बाब अनेकदा नजरेआड होते. चापेकचे संचालक दुष्ट नाहीत. ते उत्साही आहेत, मानवजातीला श्रमापासून मुक्त करण्याची स्वप्ने पाहणारे आहेत. मागणी आहे म्हणून ते पुरवठा करीत जातात आणि पुरवठा करता करता मानवजात संपवितात. यंत्रमानवांचा वेढा पडल्यावर व्यापारी संचालक बुसमन त्यांच्याशी पैशाने सौदा करू पाहतो आणि विजेच्या कुंपणाला स्पर्श होऊन मरतो. प्रत्येक गोष्टीला किंमत असते या श्रद्धेचा हा शेवट चापेकने उपहासाने, तरीही काहीशा ममतेने रंगविला आहे.

फ्रेडरिक पोल आणि सी. एम. कॉर्नब्लुथ यांच्या ‘द स्पेस मर्चंट्स’ (१९५३) या कादंबरीत जाहिरातसंस्थाच राज्यकर्त्या झालेल्या दिसतात. १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटात मात्र या प्रतिनायकाचा चेहराच नाहीसा होतो. पडद्यावर दिसणारा राक्षस परग्रहावरचा आहे. परंतु त्याचा नमुना परत आणावा आणि त्यासाठी जहाजावरील माणसे गेली तरी चालतील, हा आदेश कंपनीचा आहे, आणि तो नायिकेला जहाजाच्या संगणकाकडून कळतो. आदेश कोणी दिला, हे प्रेक्षकांना कळत नाही. १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये कार्टर बर्क हा कंपनीचा मनमिळाऊ नोकर येतो आणि कंपनीला चेहरा मिळतो, पण तो दुय्यम अधिकाऱ्याचा, बढतीसाठी धडपडणाऱ्या माणसाचा चेहरा आहे. म्हणजे एका टोकाला अदृश्य संस्था आणि दुसऱ्या टोकाला क्षुद्र नोकर असे दोन पर्याय लेखकांपुढे होते. निर्णय घेणारा मालक, त्याच्या सर्व सभ्यतेसह, मध्यभागी आणण्याचे काम बाकी होते.

३

डॅनियल एब्रहम आणि टाय फ्रँक या दोन अमेरिकन लेखकांनी ‘जेम्स एस. ए. कोरी’ या संयुक्त नावाने ‘द एक्सपान्स’ लिहिली. ‘लेव्हायथन वेक्स’ (२०११) पासून ‘लेव्हायथन फॉल्स’ (२०२१) पर्यंत तिचे नऊ मुख्य खंड आहेत. तिच्यावर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वांत प्रसारित झाली.

कथेच्या आरंभी माणूस सूर्यमालेत पसरला आहे. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा अशी तीन जगे निर्माण झाली आहेत. पट्ट्यातील माणसे हवा आणि पाणी यांसाठीही परावलंबी आहेत. शनीच्या फीबी या उपग्रहावर परग्रहावरील कोणा प्राचीन संस्कृतीने अब्जावधी वर्षांपूर्वी सोडलेला एक पदार्थ सापडतो. ‘प्रोटोमॉलिक्यूल’ असे त्याचे नाव आहे. मराठीत त्याला ‘आदिरेणू’ म्हणता येईल. फीबी हा शनीने बाहेरून पकडलेला पाहुणा असावा, असे खगोलशास्त्रज्ञही मानतात. लेखकांनी या शास्त्रीय तर्काचा चतुराईने उपयोग केला आहे. हा पदार्थ सजीवांची द्रव्ये वापरून स्वतःचे काम करतो. ते काम काय आहे हे जाणून घेण्यासाठी ‘प्रोटोजेन’ ही कंपनी त्याला पुष्कळ सजीव पुरविण्याचे ठरविते. त्यासाठी ईरॉस या लघुग्रहावरील पंधरा लाख वस्तीची निवड होते. जगाचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून बर्फ वाहून नेणारे एक जहाज उडवून पृथ्वी, मंगळ आणि पट्टा यांच्यात युद्ध पेटविले जाते. प्रोटोजेनच्या पाठीशी माओ-क्विकोव्स्की हा उद्योगसमूह आहे आणि त्याचा प्रमुख जूल्स-पियर माओ आहे, हे टप्प्याटप्प्याने उलगडते.

ईरॉसवरील संहाराचे वर्णन मालिकेच्या केंद्रस्थानी ठेवून वाचले पाहिजे. तेथे कोणी कोणावर ओरडत नाही. किरणोत्साराचा धोका निर्माण झाला आहे, सर्वांनी शांतपणे निवाऱ्यात जावे, अशी सूचना देण्यात येते. माणसे सूचना पाळतात, मुलांना घेऊन रांगेने निवाऱ्यांत शिरतात आणि दारे बंद होतात. किरणोत्सारामुळे आदिरेणूची वाढ झपाट्याने होते. म्हणून ज्याच्यापासून वाचविण्याचे आश्वासन दिले, तेच आत दिले जाते. नागरिकांच्या सुरक्षिततेची भाषा आणि तिला सरावलेल्यांचा विश्वास हीच या संहाराची साधने आहेत. संहार करणाऱ्यांनी नवी भाषा शोधलेली नाही. रोजच्या प्रशासनाची भाषा त्यांना पुरली, हे या प्रकरणाचे खरे भय होय.

या कृत्याचे समर्थन करण्यासाठी लेखकांनी ड्रेस्डेन हा प्रोटोजेनचा अधिकारी योजला आहे. प्रयोगशाळा शत्रूच्या ताब्यात गेल्यावरही तो विचलित होत नाही. तो युक्तिवाद करतो. ज्यांनी हा पदार्थ पाठविला त्यांच्यापुढे मानवजात असहाय आहे. तिला वाचवायचे तर हे ज्ञान हवेच. चंगीझखानाने एका क्षणभंगुर साम्राज्यासाठी केलेल्या कत्तलींच्या तुलनेत ईरॉसची किंमत अल्प आहे. आपल्या शास्त्रज्ञांच्या मनातील नैतिक अडसर आपण उपचारांनी काढून टाकला आहे, हेही तो प्रकल्पातील एखादी तांत्रिक अडचण दूर केल्याच्या सुरात सांगतो. ऐकणारे हळूहळू गप्प होतात. सौद्याची भाषा सुरू होण्याच्या बेतात असताना मिलर हा माजी पोलीस त्याला गोळी घालतो. ड्रेस्डेन वेडा होता म्हणून आपण त्याला मारले नाही, त्याचे म्हणणे पटू लागले होते म्हणून मारले, असे तो पुढे सांगतो.

या प्रसंगावर एक आक्षेप घेता येतो. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर न देता लेखक पात्रालाच संपवितात, असा तो आक्षेप आहे. तो वरवर पाहता रास्त वाटला, तरी ड्रेस्डेनच्या मांडणीतील उणीव मालिकेने दाखविलीच नाही असे म्हणता येणार नाही. ती उणीव गणितात नाही, गणित मांडणाऱ्याच्या जागेत आहे. किंमत ठरविणारा आणि किंमत मोजणारा हे त्याच्या हिशेबात कधीही एक नसतात. मानवजातीसाठी त्याग करावा असे तो म्हणतो, आणि त्यागाच्या रकान्यात नेहमी इतरांची नावे लिहितो. या उणिवेला मालिकेने उत्तर दिले आहे ते वादातून नव्हे, कथानकातून; आणि ते उत्तर माओच्या घरात जाऊन पोहोचते.

४

माओची थोरली मुलगी ज्युली बापाची संपत्ती नाकारून पट्ट्यातील लोकांच्या चळवळीत सामील झालेली आहे. बापाच्या कंपनीने केलेल्या कटाच्या मार्गात ती अनपेक्षितपणे येते, आदिरेणूची लागण होऊन ईरॉसवरील एका स्वस्त हॉटेलच्या खोलीत मरते. तिच्यापासून आणि तिच्यासारख्या पंधरा लाखांपासून जे काही घडते, त्याला तिचेच मन व्यापून राहते. हिशेबाच्या रकान्यात अखेर हिशेबनिसाचे अपत्य येते. असे असूनही प्रकल्प थांबत नाही. दुसऱ्या खंडात, ‘कॅलिबन्स वॉर’ (२०१२) मध्ये, गॅनिमीड या उपग्रहावरील प्रतिकारशक्ती खालावलेल्या लहान मुलांना पळवून त्यांच्यापासून शस्त्रे घडविली जातात आणि त्यांचे प्रात्यक्षिक खऱ्या सैनिकांवर करून ती विक्रीस मांडली जातात.

येथे कादंबरीच्या रचनेकडे लक्ष देणे आवश्यक आहे. मालिकेतील प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टिकोनातून सांगितलेले असते आणि त्या पात्राचे नाव प्रकरणाच्या शिरोभागी असते. या दोन खंडांत माओच्या नावाचे एकही प्रकरण नाही. पहिल्या खंडाचे उपोद्‌घाताचे प्रकरण कोठडीत डांबलेल्या ज्युलीला दिले आहे. दुसऱ्याचे मेई या पळविल्या जाणाऱ्या बालिकेला. ज्यांच्या नावे रकान्यात केवळ आकडा असतो त्यांना अंतरंग मिळते आणि आकडे मांडणाऱ्याला ते नाकारले जाते. प्रतिनायकाच्या मनात शिरून त्याच्याविषयी कुतूहल वाढविण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. कोरी यांनी तो टाळला आणि ही रचनाच नैतिक विधान होऊन बसली.

माओ कादंबरीत दिसतो तो बहुतांशी त्याच्या वस्तूंमधून. त्याची विलासनौका हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. तिचे नाव ‘ग्वानशियिन’ असे आहे. जगाचा आक्रोश ऐकणारी, असा त्या चिनी नावाचा अर्थ. ही करुणेची देवता म्हणजे भारतीय बौद्ध परंपरेतील अवलोकितेश्वराचेच चीनमधील रूप. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या नावातील उपरोध विशेष जाणवेल. तेथील झुकलेली दृष्टी दुःखाकडे वळलेली आहे. माओची नौका गॅनिमीडवरील दुःखितांच्या मदतीचे निमित्त सांगून निघते आणि मुद्दाम संथ चालविली जाते. तिच्याच पोटात ज्युलीची शर्यतीची छोटी नौका ठेवलेली आहे. मुलगी गेली, तिची नौका जपून ठेवली. माओला माया नव्हती असे लेखक म्हणत नाहीत. त्या मायेला निर्णयात जागा नव्हती, एवढेच सुचवितात.

दूरचित्रवाणीला ही अनुपस्थिती परवडणारी नव्हती. पडद्यावर फ्रान्स्वा चाऊ या नटाने माओ साकारला आहे. आवाज न चढविता, संयमी आणि सुसंस्कृत असा हा माणूस त्याने उभा केला. तिसऱ्या पर्वात (२०१८) आयो या उपग्रहावरील प्रयोगशाळेत माओ प्रत्यक्ष मुलांना पाहतो. मेईशी त्याचा स्नेह जमतो, स्वतःच्या मुलीची आठवण जागी होते आणि हे थांबवावे असे त्याला वाटू लागते. एवढ्यात प्रयोगातून नव्या ज्ञानाची चिन्हे दिसतात आणि तो पुन्हा प्रयोगाच्या बाजूला जातो. हा भाग कादंबरीतील मौनाइतकाच परिणामकारक आहे. सद्सद्विवेक माओमध्ये मेलेला नाही. तो जागा होतो, बोलतो, त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि मग मोठ्या लाभापुढे त्याला बाजूला ठेवले जाते. ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना उपचार करून जे साधावे लागले, ते माओला कोणत्याही उपचाराशिवाय साधते. द्वेष, वेड किंवा व्याधी यांतील कोणताही आधार वाचकाला येथे मिळत नाही.

५

माओचा निवाडा ज्या व्यक्तीच्या हातून होतो, ती क्रिसजेन अवासराला ही भारतीय वंशाची, साडी नेसणारी, शिवराळ आणि अतिशय चाणाक्ष अशी संयुक्त राष्ट्रांची वृद्ध राजकारणी आहे. कादंबरीत माओ तिच्यासमोर येतो तो वाटाघाटीच्या तयारीने. प्रत्येक शिक्षेला पर्यायी किंमत असते, ही त्याची जन्मभराची समजूत. अवासराला सौदा नाकारते आणि तो कायमचा तुरुंगात जातो. वाचकाला या प्रसंगातून मिळणारे समाधान मोठे आहे. मालिकेच्या मर्यादेचा प्रश्नही येथेच उभा राहतो.

पंधरा लाख माणसांचा संहार एका माणसाच्या तुरुंगवासाने फिटतो काय? हजारो कर्मचारी, पुरवठादार, सुरक्षारक्षक, कायदेतज्ज्ञ यांच्याशिवाय हा प्रकल्प उभा राहणेच अशक्य होते. चेहरा मिळाल्यामुळे प्रतिनायक समजण्याजोगा झाला. त्याच वेळी संस्थेचे दायित्व त्या चेहऱ्यात गोठले. ‘एलियन’मध्ये कंपनी अदृश्य असल्यामुळे तिला शिक्षा करता येत नव्हती. येथे शिक्षा करता येते, पण ती कंपनीला होते की केवळ मालकाला, याची चर्चा दुसरा खंड करीत नाही.

तथापि संपूर्ण मालिका वाचणाऱ्याला आढळते की, लेखकांनी हा प्रश्न सोडून दिलेला नाही. ‘अबॅडन्स गेट’ (२०१३) मध्ये माओची दुसरी मुलगी क्लॅरिसा बापाच्या अपमानाचा सूड घेण्यासाठी निरपराध माणसे मारते आणि पुढे त्या अपराधाचे ओझे जाणीवपूर्वक वाहते. बापाला नाकारलेले प्रकरण येथे मुलीला मिळते. माओने कधीही न केलेली गोष्ट, म्हणजे आपल्या हातून मेलेल्या माणसाला नावाने आठवणे, ती करते. याहून अधिक महत्त्वाचा आहे तो पाओलो कॉर्ताझार. प्रोटोजेनच्या प्रयोगशाळेतील हा शास्त्रज्ञ माओच्या पतनानंतर जिवंत राहतो. ‘द व्हायटल अबिस’ (२०१५) या लघुकादंबरीत त्याचे निवेदन येते. पुढे ‘पर्सेपोलिस रायझिंग’ (२०१७) पासून लॅकोनिया या नव्या लष्करी साम्राज्यात तो पुन्हा त्याच पदार्थावर, पुन्हा जिवंत माणसांवर प्रयोग करताना दिसतो. मालक बदलला आहे. नफ्याऐवजी आता राष्ट्र आणि मानवजातीचे भवितव्य हे शब्द आले आहेत. ड्रेस्डेनचा युक्तिवाद मात्र तोच आहे आणि या वेळी तो सरकारचे अधिकृत धोरण आहे. मिलरच्या गोळीने माणूस मेला होता. विचार आपल्या नव्या आश्रयदात्याची वाट पाहत होता. या दृष्टीने माओ हे पात्र स्वतःत संपूर्ण नाही. कॉर्ताझारच्या पुढील वाटचालीसह वाचले तरच त्याचा पुरता अर्थ हाती लागतो.

६

भारतीय वाचकाला या प्रतिनायकाची ओळख परकी वाटण्याचे कारण नाही. मराठीत ‘कंपनी सरकार’ हा शब्दप्रयोग कल्पनेतून आलेला नाही. १६०० साली व्यापाराची सनद मिळालेल्या एका संस्थेने १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळविली, १८१८ मध्ये पेशवाई बुडविली आणि १८५८ पर्यंत भागधारकांच्या वतीने या देशावर राज्य केले. भागधारक आणि सैन्य एकाच संस्थेकडे असणे ही विज्ञानकथेची भविष्यवाणी नसून भारतीय उपखंडाचा इतिहास आहे. दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ (१८६०) या बंगाली नाटकातील निळीचे मळेवाले हे व्यापारी क्रौर्याचे भारतीय साहित्यातील एक आरंभीचे चित्र. तेथील क्रौर्य मात्र चाबकाचे, समोरासमोरचे आहे. इंद्र सिन्हा यांच्या ‘ॲनिमल्स पीपल’ (२००७) या इंग्रजी कादंबरीपर्यंत येताना ते समोरासमोरचे उरलेले नाही. विषारी वायूने उद्ध्वस्त झालेल्या खौफपूर या कल्पित शहरात ‘कंपनी’ एवढेच तिचे नाव आहे. तिचे मालक दूर देशी आहेत.

त्या कादंबरीमागील वास्तव सर्वज्ञात आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना डिसेंबर १९८४ मध्ये अटक होऊन जामीन मिळाला. ते देशाबाहेर गेले आणि २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतीय न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत. २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. ईरॉसचा संहार हेतुपुरस्सर आहे आणि भोपाळची दुर्घटना तशी नव्हती; हा भेद पुसता कामा नये. परंतु किंमत ठरविणारे एका ठिकाणी आणि ती मोजणारे दुसऱ्या ठिकाणी, ही रचना दोन्हींकडे सारखीच आहे. वास्तवात सौदा झाला. कादंबरीत अवासराला सौदा नाकारते. तिचा नकार ही या अर्थाने मालिकेतील सर्वांत धाडसी कल्पना आहे. परग्रहावरील पदार्थाहूनही तिच्यावर विश्वास ठेवणे अधिक कठीण आहे.

जूल्स-पियर माओ हे पात्र रावणासारखे स्मरणात राहणार नाही. त्याला दहा तोंडे नाहीत आणि त्याच्या एका तोंडचे वाक्यही वाचकाला सहसा आठवत नाही. आठवतात त्या निवाऱ्यांकडे रांगेने निघालेल्या माणसांना दिलेल्या शांत, नम्र सूचना. प्रतिनायकाची व्याख्या यापुढे करावयाची झाल्यास लोभ हे लक्षण तिच्यात राहीलच. औद्धत्य आणि व्यसन यांच्या जागी मात्र आणखी एका लक्षणाची नोंद करावी लागेल : ज्यांचे मरण हिशेबात धरले आहे, त्यांची नावे ठाऊक करून न घेण्याची शिस्त. ‘द एक्सपान्स’ने ती शिस्त ओळखली आणि आपल्या दोन खंडांचे पहिले पान त्या नावांना दिले, हे तिचे मोल आहे.